वाढलेलं हाड: व्यायाम की शस्त्रक्रिया?
एक्स-रेत वाढलेलं हाड दिसलं की ‘काढूनच टाका’ असं वाटतं. पण कूर्चा (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी) झिजल्यावर सांधा सावरायला शरीरच ते हाड घडवतं आणि अनेकांना त्याचा त्रासही होत नाही.

व्यायामाने ते विरघळत नाही, हे खरं. मात्र त्रास गुडघ्यात असेल, तर मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा ताण हलका होतो. 1 किलो वजन घटलं तर प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी कमी होतो. मी आधी हाच मार्ग धरायला सांगेन, निदान तीन महिने, नेटाने.

शस्त्रक्रियेने हाड निघतं, झीज थांबत नाही. ते पुन्हा वाढू शकतं. पण मणक्यातल्या वाढलेल्या हाडाने नस दबून हात-पाय बधिर किंवा दुबळे होत असतील, तर वाट पाहू नका.