हाई तलवार पुस्तकमा शे का?

शहाद्याचा माझा भाचा दिवाळीत अस्तंब्याची, म्हणजे अश्वत्थाम्याच्या डोंगराची, यात्रा करून थेट जळगावला आमच्याकडे आला. तळपायांना फोड आलेले, तरी एका हाताने भरीत-भाकरी आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर गेमचे ट्रेलर, दोन्ही चालू. साठवलेल्या पैशांत एकच गेम बसणार होता आणि कोणता घ्यायचा ते त्याला माझ्याकडून ठरवून घ्यायचं होतं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला टॉल्किन त्याने उन्हाळ्याच्या सुटीत वाचून काढलाय, 'विचर'ची, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणाऱ्या गेराल्टच्या गोष्टींची, दोन पुस्तकं झालीत, महाभारत तर आजीच्या तोंडून लहानपणीच ऐकलेलं. त्यामुळे ग्राफिक्स कसे, लढाई कशी, हे त्याने विचारलंच नाही. प्रत्येक ट्रेलरला एकच प्रश्न: "मामा, हाई तलवार पुस्तकमा शे का?" म्हणजे, ही तलवार पुस्तकात आहे का?

मला हा प्रश्न फार आवडला. पुस्तक आधी वाचून मग गेमकडे वळणाऱ्या सगळ्यांना तो पडतो. म्हणून त्याच्यासाठी केलेली तुलना इथे मांडतोय.

आधी मोजायचं कशाने ते ठरवू. अस्तंब्याला जाऊन आलेल्या पोराला हे समजावणं सोपं गेलं. आपल्याकडे अश्वत्थामा अजून सातपुड्यात फिरतो, कपाळावरच्या जखमेला तेल मागतो, असं म्हणतात. ती जखम मण्याची. सौप्तिकपर्वात त्या मण्याचे गुण दिलेत: तो जवळ असेल त्याला शस्त्राचं, रोगाचं, भुकेचं भय नाही, देव, दानव, नाग यांचंही नाही. हाच मणी अश्वत्थाम्याला पांडवांना द्यावा लागला आणि द्रौपदीच्या सांगण्यावरून युधिष्ठिराने तो मस्तकी धारण केला. आता एखाद्या गेमने हा मणी आणला, चकाकता दाखवला, 'रोगप्रतिकार अधिक ५०' असं लिहिलं, तर नाव बरोबर, गुणही बरोबर. पण तो कधी द्यावाच लागत नसेल, तर तो अश्वत्थाम्याचा मणी राहत नाही. म्हणून मी प्रत्येक वस्तूला तीनच गोष्टी विचारतो: ती कोणी दिली, कोणत्या अटीवर दिली आणि शेवटी कुठे गेली.

टॉल्किनच्या जगावरचे दोन गेम समोर ठेवू. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन' २००७चा, आणि 'शॅडो ऑफ वॉर' २०१७चा. पहिला जुना दिसतो, चेहरे लाकडी वाटतात. दुसरा पाहताक्षणी डोळे दिपतात. वस्तूंच्या बाबतीत मात्र मला पहिलाच जास्त प्रामाणिक वाटतो.

पुस्तकातलं एक उदाहरण घ्या. मेरी नावाच्या हॉबिटच्या, म्हणजे टॉल्किनच्या ठेंगण्या लोकांतल्या एकाच्या, हातातलं पातं जुन्या थडग्यातून निघालेलं असतं. अँगमारच्या मायावी, सहजी न मरणाऱ्या राजाशी लढणाऱ्या, कधीच्या मरून गेलेल्या कारागिरांनी ते घडवलेलं. हजाराहून जास्त वर्षांनी तेच पातं त्याच राजाला लागतं, आणि टॉल्किन स्पष्ट लिहितो की दुसऱ्या कुठल्याही पात्याने, ते कितीही बलवान हातात असतं तरी, इतकी जिव्हारी जखम झाली नसती. म्हणजे शस्त्राची ताकद ते कोणी आणि कोणासाठी घडवलं त्यात आहे. जुन्या ऑनलाइन गेमने हे ओळखलंय. तिथे शस्त्राच्या घावाचे प्रकार आहेत, त्यात आग-बर्फाबरोबर 'वेस्टरनेस', 'बेलेरिअँड' (हे टॉल्किनच्या जगातले जुने प्रदेश) आणि 'प्राचीन बुटक्यांची घडण' असेही प्रकार येतात. घाव कोणत्या प्रकारचा आहे ते शत्रूप्रमाणे महत्त्वाचं ठरतं. तलवार कोणत्या लोकांनी घडवली, याला खेळात किंमत आहे. भाच्याला हे दाखवलं तेव्हा त्याने भाकरी खाली ठेवली.

आणखी एक गोष्ट. या गेममध्ये रक्ताची पट्टी नाही, 'मनोबल' आहे. ते संपलं की तुम्ही मरत नाही, खचून माघार घेता. मग गाणं म्हणणारा भाट तुम्हाला सावरू शकतो, हे आपोआप पटतं. पुस्तकात आशा आणि भीती याच खऱ्या शक्ती आहेत, ते इथे नियमातच उतरलंय. आणि पुस्तक जिच्याभोवती फिरतं ती दुष्ट सॉरॉनची 'एक अंगठी' तुमच्या पात्राच्या मालकीची होत नाही. तुम्ही मुख्य कथेच्या कडेकडेने चालता. निर्मात्यांना परवानाही फक्त 'द हॉबिट' आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' यांचाच असल्यामुळे बाकीच्या ग्रंथांतलं मनाला येईल ते उचलता आलं नाही, हा मला फायदाच वाटतो.

दोष आहेतच. २००८ साली मोरियाचा, म्हणजे बुटक्यांच्या जमिनीखालच्या नगरीचा, भाग आला तेव्हा 'रून-कीपर' नावाचा पात्रांचा नवा वर्ग आला. तो दगड हातात धरून विजा आणि आग फेकतो. टॉल्किनच्या जगात जादू इतकी उघड्यावर पडलेली नाही, जादूगार गँडाल्फसुद्धा ती जपून वापरतो. त्याच वेळी स्वतःची 'दंतकथेतली' शस्त्रं प्रत्येकाला मिळाली. हजारो लोकांकडे दंतकथेतली तलवार असेल तर दंतकथा कसली?

इथे मिथ्रिलच्या, म्हणजे चांदीसारख्या दुर्मीळ धातूच्या, अंगरख्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. जळगावच्या माणसाला सोनं असो की चांदी, आधी भाव विचारायची सवय. मिथ्रिलचा भाव गँडाल्फ मोरियाच्या अंधारात सांगतो: त्या एका अंगरख्याची किंमत हॉबिटांच्या अख्ख्या शायर मुलखापेक्षा, तिथल्या सगळ्या चीजवस्तूंसकट, जास्त आहे. आणि बुटक्यांच्या थोरिनने दिलेला हा अंगरखा बिल्बो या हॉबिटने कुठे ठेवला होता? गावच्या वस्तुसंग्रहालयात, जिथे लोक वापरात नसलेल्या पण टाकवत नसलेल्या वस्तू ठेवतात. पुढे तो बिल्बोचा वारस फ्रोडो कपड्यांच्या आत घालतो, कोणाला न दाखवता. त्याची खरी मजा या लपवण्यात आहे. मी पाहिलेल्या गेमांमध्ये मिथ्रिल म्हणजे वरून मिरवायचं चिलखत, आकडा मोठा असलेलं. इथे सगळेच कमी पडतात.

'शॅडो ऑफ वॉर'मध्ये सेलेब्रिम्बोर हा एल्फ कारागीर नवी अंगठी घडवतो, सॉरॉनला टक्कर द्यायला. पुस्तकांत सेलेब्रिम्बोर दुसऱ्या युगातच सॉरॉनच्या हातून मेला, आणि अशी अंगठी घडवायची कल्पनाच टॉल्किनच्या विचाराच्या विरुद्ध आहे. तिकडे शहाणी माणसं ती एक अंगठी दिली तरी नाकारतात. गेममध्ये सॉरॉनच्या हातून अंगठी घेणारा राजा इसिल्दुरही नाझगुल, म्हणजे सॉरॉनचा भुताळी गुलाम, झालेला दाखवलाय. पुस्तकात तो तिसऱ्या युगाच्या सुरुवातीलाच मारला गेला आणि अंगठी नदीत हरवली. शिवाय ओर्क, म्हणजे सॉरॉनचा राक्षसी शिपाई, मारला की रंगीत दर्जाची शस्त्रं पडतात. सुरुवातीला तर पैसे देऊन उघडायच्या पेट्याही होत्या. लोकांनी फार नाराजी दाखवल्यावर २०१८मध्ये त्या काढल्या.

तरी या मालिकेतली एक वस्तू माझ्या मनातून जात नाही. २०१४च्या पहिल्या भागापासून नायक टॅलिऑनच्या हातात 'अखार्न' नावाचा खंजीर आहे. तो मुळात खंजीर नाहीच. मारल्या गेलेल्या मुलाची ती मोडलेली तलवार आहे, बापाने तशीच वापरायला घेतलेली. पुस्तकात अशी वस्तू नाही. पण मोडलेली तलवार वारशाने वागवणं हे नार्सिलचंच, म्हणजे पुस्तकात अरागॉर्नला वारशाने आलेल्या मोडक्या तलवारीचंच, रक्त आहे. आणि शेवट सांगत नाही, पण अंगठी घालण्याची किंमत तिथेही चुकवावी लागते. म्हणून या गेमला मी सरसकट खोटा म्हणणार नाही. नावं आणि काळ चुकतात, एक-दोन ठिकाणी मन बरोबर लागतं.

'विचर ३' २०१५चा. पोलिश लेखक सापकोव्स्कीच्या गोष्टींवरून आलेला, आणि त्या गोष्टी लिहिणारा माणूस तलवारीबद्दल फार काटेकोर आहे. पुस्तकात गेराल्ट पाठीवर एकच तलवार वागवतो, चांदीची सामानात घोडीजवळ असते. गेममध्ये दोन्ही पाठीवर. चित्र म्हणून छान, आणि खेळताना सोयीचं. पण खरा फरक पुढे आहे. २०१३च्या कादंबरीत गेराल्टच्या दोन्ही तलवारी पहारेकऱ्यांच्या ठाण्यात जमा केल्यावर गायब होतात आणि सगळं कथानक त्या शोधण्याभोवती फिरतं. तलवार गेली की माणूस अर्धा. गेममध्ये दर दोन-तीन पायऱ्यांना तलवार बदलायची, जुनी लोहाराला विकायची. त्याशिवाय विचरांच्या वेगवेगळ्या शाळांची चिलखतं गोळा करत हिंडायचं. पुस्तकातला गेराल्ट चामड्याच्या बंडीत फिरतो, कारण त्याचा जीव वेगावर आहे.

काढ्यांच्या बाबतीत मात्र हा गेम बराच खरा आहे. पुस्तकात ते काढे साध्या माणसाला मारतील असे विषारी, आणि गेराल्टचा चेहरा पांढराफटक पडतो. गेममध्ये विषाची पट्टी आहे, जास्त प्यालात तर अंगावर येतं, चेहऱ्यावर काळ्या शिरा उमटतात. वस्तूची अट इथे नियमातच आहे. २०११चा दुसरा भाग याहून कडक होता. काढा लढाईच्या आधी शांत बसूनच प्यायचा, पुस्तकातल्यासारखा. तिसऱ्या भागात लढतालढता पिता येतो, ही सूट मला खटकते. लांडग्याचं पदक थरथरतं, ते मात्र दोन्हीकडे तसंच.

आता आपल्या घरचं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२०मध्ये आला. त्रिशूळ, विष्णूचं शार्ङ्ग धनुष्य, पहाडी शैलीची चित्रं, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा. हा कुठल्या ग्रंथाचा अनुवाद नाही, भावाला शोधणाऱ्या मुलीची नवी गोष्ट आहे. त्यामुळे 'पुस्तकमा शे का' हा प्रश्न इथे अर्धाच लागू पडतो. शस्त्र देवतेने दिलेलं आहे, हे चांगलं जपलंय. पण अट नाही. वीज-आग-बर्फाची जोड दिली की झालं. गेम लहान आहे आणि अचानक संपतो.

जपानी 'फेट/ग्रँड ऑर्डर' मोबाइलवरचा. त्यात कर्ण आहे, वासवी शक्ती आहे, आणि कवच देऊन शक्ती घेतली हे त्यांना नीट ठाऊक आहे. महाभारतात ती शक्ती एकदाच वापरता येते. कर्ण ती अर्जुनासाठी राखतो आणि चौदाव्या रात्री घटोत्कचावर सोडावी लागते; त्या रात्री एकटा कृष्ण आनंदाने नाचतो. गेममध्ये पट्टी भरली की पुन्हा सोडा, दहा वेळा सोडा. अर्जुनाच्या पाशुपताचंही तेच. ते देताना शंकराने दिलेली ताकीद, की दुबळ्यावर सोडलंस तर जग जळेल, ती कुठेच लागू होत नाही. माहिती अचूक, नियम उलटा. शिवाय पात्रं नशिबाच्या सोडतीतून मिळतात आणि त्यात खरा पैसा जातो. दहावी-बारावीच्या मुलाच्या हातात मी हा देणार नाही.

व्यवहाराचं थोडं. 'विचर ३' आणि 'शॅडो ऑफ वॉर' मोठ्यांसाठीचे आहेत, रक्तपात आहे, आणि चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. 'विचर' सेलमध्ये बराच स्वस्त मिळतो, नेट गेलं तरी चालतो. टॉल्किनचा ऑनलाइन गेम फुकट सुरू करता येतो, जुन्या कॉम्प्युटरवर धावतो, पण नेट सतत हवं. शहाद्याकडच्या खेड्यात संध्याकाळी लाइट गेली की तो बंद, हे लक्षात ठेवा.

तर ज्याला टॉल्किनचं जग तसंच हवंय त्याने पैसे न घालता तो जुना ऑनलाइन गेम आधी धरावा. माणूस वस्तूपेक्षा मोठा असलेली गोष्ट हवी असेल, आणि वय बसत असेल, तर 'विचर ३', तलवारींची अदलाबदल सोसून. 'शॅडो ऑफ वॉर' पुस्तक बाजूला ठेवता येत असेल तरच.

भाच्याने ऑनलाइन गेम उतरवून घेतला आणि पैसे परत डब्यात टाकले. निघताना दारात चपला घालता घालता त्याने विचारलं, अर्जुनाचं गांडीव शेवटी कुठे गेलं. मी सांगितलं: अग्नीने वरुणाकडून आणून दिलं होतं, महाप्रस्थानाच्या वेळी अग्नीनेच वाट अडवून परत मागितलं, आणि अर्जुनाने दोन्ही अक्षय भात्यांसकट ते पाण्यात सोडलं. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "मामा, शेवटी वस्तू परत द्यावी लागते असा गेम निघाला ना, तर त्यासाठी हे पैसे ठेवतो."