स्थायी गट की जिगसॉ? आठवीचा नवा वर्ग जुळवताना

कोकणातल्या हायस्कुलात आठवीला मुलं येतात ती वाडीवाडीने. बाकावर बसतानाही वाडी सुटत नाही. अशा वर्गाला नुसतं ‘गट करा’ म्हटलं, की वाड्यांचेच गट होतात. म्हणून गट शिक्षकानेच पाडायचे. ते सत्रभर न बदलणारे चौघांचे (स्थायी), की धड्यापुरते जिगसॉचे, म्हणजे धड्याचा एकेक तुकडा एकेका मुलाला देऊन तो त्यानेच गटाला शिकवायचा असे, एवढंच ठरवायचं उरतं.

जिगसॉ मुळात अशाच दुखण्यावर निघाली. १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोरी, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं प्रथमच एका वर्गात आली. तेव्हाचा ताण उतरवायला मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह ही पद्धत बसवली.

समजा पट ३६ आहे आणि विषय खारफुटी. सहा जणांचे सहा गट पाडा आणि मजकुराच्या सहा चिठ्ठ्या करा: श्वसनमुळं, मिठाशी जुळवून घेणं, कांदळाचं झाडावरच रुजणारं बी, माशांची-खेकड्यांची पिल्लं, किनाऱ्याची धूप, तोड आणि भराव. एकच चिठ्ठी मिळालेली सहा मुलं पंधरा मिनिटं एकत्र बसून ती पक्की करतात. मग आपापल्या गटात परतून प्रत्येकाने चार-चार मिनिटं शिकवायचं. शेवटी दहा मिनिटांची चाचणी, ज्याची त्याने सोडवायची. उठबस धरून तास उलटतो, म्हणजे जोडतास हवाच.

यातली खरी गोम पाठ्यपुस्तकात आहे. ते मिटलेलं असेल तरच बियाची चिठ्ठी असलेल्या अबोल मुलीला बाकीचे पाच जण प्रश्न विचारतात, तिचं ऐकतात. पुस्तक उघडं असलं तर तिच्यावाचून कुणाचं काही अडत नाही आणि सगळा खटाटोप नुसती बाकांची हलवाहलव ठरतो. आधीची पायरी कळल्याशिवाय पुढची कळत नाही असे धडे, विशेषतः गणितातले, इथे घेऊच नयेत.

जिगसॉचा दुसरा शत्रू पाऊस. ओढ्याला पाणी आलं, एसटी चुकली, घरी लावणी निघाली, की एका गटाची एक चिठ्ठीच गायब. शिवाय सहा जण दोन बाकांवर मावत नाहीत आणि पागोळ्यांनी भिजलेल्या पडवीत बसवता येत नाही.

स्थायी गट हे सोसतो. चौघांतला एक आला नाही तरी तिघं काम रेटतात, दुसऱ्या दिवशी त्याला वही देतात. गट पाडताना गुणांच्या यादीतून एक वरचा, एक खालचा, दोन मधले घ्या. मग कुठलाही गट एकाच वाडीचा राहणार नाही अशी अदलाबदल करा. पुढचं बाक उलटं फिरवलं की बैठक तयार.

याचा रोग वेगळा: हुशार मूल लिहितं, बाकीचे बघतात. त्यावर सोपा इलाज म्हणजे मुलांना १ ते ४ क्रमांक द्यायचे आणि चर्चेनंतर आयत्या वेळी क्रमांक पुकारायचा. कोण उठणार हे माहीत नसल्यामुळे चौघंही एकमेकांकडून उत्तर वदवून घेतात. गटाला सरसकट गुण देऊ नका, पालकांची तक्रार ठरलेली. अमेरिकन शिक्षणसंशोधक रॉबर्ट स्लाव्हिन यांची रीत बरी: प्रत्येकाची तुलना त्याच्याच आधीच्या सरासरीशी. शंभरपैकी ४० वरून ५२ वर गेलेलं मूल गटाला ३० गुण मिळवून देतं. ८० वरून ८३ वर गेलेलं २०. कच्चं मूल गटाला नकोसं होत नाही, ते यामुळेच.

पहिले पंधरा दिवस ‘मला तिच्यात नको’ चालेल. तेव्हा गट मोडलात, तर रुसलं की गट बदलून मिळतो हे अख्खा वर्ग शिकेल.

रोज चार-पाच गैरहजर असतील, तर गणपतीच्या सुट्टीपर्यंत स्थायी गटच ठेवा. रस्ते सुकल्यावर त्याच चौघांत पंधरवड्याला एक जिगसॉ घ्या, चिठ्ठ्या चारच करून. मात्र ३६ च्या वर्गात मग एका चिठ्ठीला नऊ मुलं येतात. त्यांचे पाच आणि चार असे दोन घोळके करा, नाहीतर मागचे तिघं-चौघं खिडकीबाहेर बघत बसतात.