युद्धकाळातील खेड्यातला खून, पेटीबंद
१९४० च्या सप्टेंबरात एका इंग्लिश खेड्यात झालेल्या खुनाचा छडा सहा खेळाडूंनी मिळून लावायचा, असा हा पेटीबंद खेळ आम्ही घरी दोन संध्याकाळी खेळलो. यातील सर्वांत देखणी वस्तू म्हणजे मृताचे रेशनचे पुस्तक. चहावर माणशी आठवड्याला दोन औंसांची, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅमची मर्यादा त्या जुलैतच आली होती. तरीही एका संशयिताकडे पाहुण्यांना किटलीमागून किटली चहा मिळतो, हे ध्यानात येताच काळ्या बाजाराचा धागा हाती लागतो. पाद्री, पोस्टमास्तरीण आणि होमगार्डातील निवृत्त मेजर ही पात्रे मात्र साचेबंद आहेत.

खटकली ती वेगळीच गोष्ट. खुनाची वेळ रविवारच्या प्रार्थनेच्या घंटेवरून ठरवायची आहे; परंतु जून १९४० पासून चर्चच्या घंटा शत्रू उतरल्याच्या इशाऱ्यासाठीच राखून ठेवल्या होत्या, त्यामुळे ती वाजती, तर गाव प्रार्थनेला नव्हे, बंदुका घेऊन शिवाराकडे धावले असते. आमच्या वहिनींनी ही चूक मुद्दाम पेरलेला दुवा समजून अर्धा तास घालवला. छपाई सुबक आहे, नियमपत्रिका इंग्रजीतच आहे, आणि उलगडा एकदाच होत असल्यामुळे आम्ही संच शेजाऱ्यांना देऊन टाकला.