रात्री ठेवायची गोळी की गिळायची?

गोव्यात, फोंड्यात आमच्या फार्मसीत पावसाळ्यात हे दृश्य ठरलेलं. बाई आत येते, दोन पुरुष गिऱ्हाइकं जाईपर्यंत साबणाच्या वड्या चाळत उभी राहते, मग मोबाइल पुढे सरकवते. त्यावर जुन्या मलमाचा फोटो. "हेच द्या." जूनपासून आतले कपडे धड वाळत नाहीत, ओलसरपणाने योनीच्या जागी खाज सुटते आणि शेजारणीला लागू पडलेलं मलम हिलाही हवं असतं.

मी आधी विचारते, वास येतो का? "अंगावरून जातंय" यात तीन वेगळे आजार येतात. बुरशीचा स्राव घट्ट, दह्याच्या कवड्यांसारखा. खाज जीवघेणी, वास जवळपास नाही. करडा, पातळ आणि मासळीसारखा वास असेल तर ते जंतूंचं असतं. पिवळट-हिरवा, फेसाळ असेल तर तिसरंच. त्या दोन्हींवर बुरशीची गोळी काही करत नाही. पहिल्यांदाच होतंय, ओटीपोट दुखतंय, ताप किंवा फोड आहेत, तर दुकान नको, डॉक्टर.

बुरशीच आहे असं धरू. मग योनीत ठेवायची क्लोट्रिमाझोलची गोळी (100 मिलिग्रॅम सहा रात्री, 200 असेल तर तीन, 500 असेल तर एकच) की तोंडाने घ्यायची 150 मिलिग्रॅमची एक फ्लुकोनाझोल? साध्या त्रासात दोन्हींचा गुण जवळपास सारखा. "जास्त जालीम कुठली?" याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण निवड गोळीवर नाही, बाईवर ठरते.

दिवस गेलेत किंवा पाळी चुकलीय? फ्लुकोनाझोल नको. ठेवायचीच गोळी, तीही डॉक्टरांना विचारून सात रात्री, आणि ॲप्लिकेटरऐवजी (गोळी आत सरकवायची नळी) बोटाने. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर फ्लुकोनाझोलने तिचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. मायकोनाझोल हे बुरशीचं दुसरं औषध योनीत ठेवलं तरी तेच. उलट पाळी उद्यावर आली असेल, तर ठेवलेलं औषध वाहून जातं. तेव्हा गिळायची सोयीची. हॉस्टेलच्या खोलीत चौघीजणी असतील तरीही. फ्लुकोनाझोलला कायद्याने डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ती न मागता गोळी देणारे आहेत, पण चिठ्ठीच्या निमित्ताने बाकीची औषधं डॉक्टरांच्या नजरेखालून जातात.

माझं मत विचाराल तर घाईचं काही नसेल तेव्हा ठेवायची बरी. औषध जिथे हवं तिथेच राहतं, रक्तात फारसं जात नाही. हात धुवून, झोपायच्या आधी, पाठीवर पडून गुडघे वर घ्यायचे आणि गोळी जमेल तितकी आत सरकवायची. कोरडी टोचत असेल तर थेंबभर पाणी लावा. सकाळी चड्डीवर खडूसारखा पांढरा चुरा दिसतो. तो गोळीचाच, आजार वाढल्याचा नाही. साधं पॅड लावा, टॅम्पॉन नको. कंडोमवर त्या दिवसांत भरवसा नको, काही गोळ्या-मलमांनी त्याचं रबर कमकुवत होतं. खाज दोन-तीन दिवसांत उतरायला लागते. म्हणून सहातल्या तीन गोळ्या डब्यात ठेवून देऊ नका.

फोटोतल्या मलमाबद्दल मात्र मी वाद घालते. बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड असलेली ही मलमं एका दिवसात खाज थांबवतात, पण बुरशी आत तशीच राहते आणि कातडी पातळ होते. बाहेरून लावायचंच तर नुसतं क्लोट्रिमाझोल. दही, लसूण, माडाचं व्हिनेगर आत काहीही नको. सुगंधी वॉशही नको.

आणि दोन महिन्यांत पुन्हा तेच झालं, किंवा सात दिवसांत उतरलंच नाही, तर तिसरं पाकीट मागू नका. बुरशीची जात वेगळी असू शकते, स्राव तपासावा लागतो. साखरही तपासा. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यातच निघालं, 26.4 टक्के. साखरेच्या काही नव्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीतून साखर बाहेर टाकतात, त्यानेही ही बुरशी वाढते. परवा एका काकींना "शुगर कधी बघितलेली?" विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मला कुठे शुगर? खाजेचं मलम मागते मी." ग्लुकोमीटर काउंटरवरच होतं. त्या बोट पुढे करेनात, मग म्हणाल्या, "बरं, पण मलमाचं काय ते आधी सांग."