क्रोम प्रोफाइल, फायरफॉक्स कंटेनर की अँटी-डिटेक्ट ब्राउझर?

एकाच लॅपटॉपवरून सात-आठ ग्राहकांची इन्स्टाग्राम, फेसबुक आणि यूट्यूब खाती सांभाळणाऱ्या छोट्या एजन्सीने अँटी-डिटेक्ट ब्राउझरचे (प्रत्येक खातं वेगळ्या यंत्रावरून उघडल्यासारखं दाखवणाऱ्या ब्राउझरचे) पैसे भरण्याआधी एक गोष्ट ठरवावी. वेगळं नेमकं काय ठेवायचंय, लॉगिन की यंत्राची ओळख?

फक्त लॉगिन वेगळी ठेवायची असतील तर क्रोम प्रोफाइल पुरतं, आणि ते फुकट आहे. वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर क्लिक करून दर ग्राहकामागे एक प्रोफाइल काढा, प्रत्येकाला वेगळा रंग द्या. कुकी (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी), पासवर्ड, बुकमार्क, एक्स्टेन्शन सगळं स्वतंत्र फोल्डरमध्ये जातं. आयपी (इंटरनेटवरचा पत्ता), स्क्रीन, फाँट आणि ग्राफिक्स कार्ड मात्र सगळीकडे तेच दिसतं.

फायरफॉक्सचे मल्टी-अकाउंट कंटेनर एकाच खिडकीत रंगीत टॅब देतात. कुकी वेगळ्या राहतात, पण हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड सामायिक. त्यामुळे एका ग्राहकाच्या टॅबमध्ये दुसऱ्याचं लॉगिन सुचवलं जातं. शिवाय ‘ही साइट नेहमी याच कंटेनरमध्ये उघडा’ ही सोय एका साइटला एकच कंटेनर देते. सगळे ग्राहक इन्स्टाग्रामवर असतील तर तिचा काही उपयोग नाही.

आता मल्टिलॉगिन, गोलॉगिन, अ‍ॅड्सपॉवर, डॉल्फिन अँटी ही अँटी-डिटेक्ट मंडळी. बहुतेकांचा गाभा बदललेला क्रोमियम, म्हणजे क्रोम ज्यावर बनतो तो खुला कोड. प्रत्येक प्रोफाइलला वेगळा कॅनव्हास आणि वेबजीएल (ब्राउझर चित्र कसं काढतो यावरून यंत्र ओळखण्याच्या खुणा), फाँटची यादी, टाइमझोन आणि स्वतःचा प्रॉक्सी (आपला आयपी झाकणारा मधला सर्व्हर). कुकी पुसूनही ब्राउझर ओळखता येतो हे ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१० मध्येच दाखवलं होतं: तपासलेल्या ४,७०,१६१ ब्राउझरांपैकी ८३.६ टक्क्यांचा ठसा (अशा सगळ्या खुणा मिळून बनणारी ओळख) एकमेव निघाला. हा ठसा बदलणं हेच या ब्राउझरांचं काम.

गडबड होते ती विसंगतीमुळे. प्रॉक्सी मुंबईचा आणि टाइमझोन न्यूयॉर्कचा. प्रोफाइल विंडोजचं आणि ग्राफिक्समध्ये अ‍ॅपलची चिप. वेबआरटीसीतून (ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलच्या तंत्रातून) खरा आयपी बाहेर. अशी बनावट जोडणी साध्या क्रोमपेक्षा जास्त नजरेत भरते. दुसरं कारण म्हणजे जुना गाभा. क्रोमची नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते. अँटी-डिटेक्टवाले मागे राहिले तर ब्राउझर स्वतःची आवृत्ती एक सांगतो आणि वागतो दुसऱ्यासारखा. कॅनव्हासमध्ये दर वेळी नवा गोंधळ मिसळणारी सेटिंगही टाळा. खरं यंत्र रोज नवं चित्र काढत नाही.

सर्वांत गंभीर बाब सुरक्षेची. प्रोफाइल क्लाउडवर सिंक केलं की लॉगिन झालेल्या कुकी कंपनीच्या सर्व्हरवर जातात, आणि चालू सेशनची कुकी हाती लागली तर ओटीपीचीही गरज उरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अ‍ॅड्सपॉवरमधून मिळणारं क्रिप्टो वॉलेटचं एक्स्टेन्शन हल्लेखोरांनी बदललं आणि वापरकर्त्यांचे पैसे गेले. ग्राहकाची खाती अशा ठिकाणी ठेवायची तर आधी त्याला विचारणं हे आपलं कर्तव्य आहे.

फोन नंबर, पेमेंट कार्ड आणि वागण्याची पद्धत यातलं काहीही अँटी-डिटेक्ट ब्राउझर झाकत नाही. एकाच कार्डावरून पाच खात्यांच्या जाहिराती चालल्या तर पाचही जोडली जातात. बंद झालेलं खातं मागच्या दाराने परत उघडण्यासाठी किंवा खोट्या प्रोफाइलांसाठी तो घेऊ नका. ते नियमांविरुद्ध आहे आणि टिकतही नाही.

खरं तर बऱ्याच एजन्सींना या तिन्हींची गरजच पडू नये. मेटा बिझनेस सूटमध्ये पार्टनर अ‍ॅक्सेस, गुगल अ‍ॅड्सचं मॅनेजर खातं, यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमधल्या परवानग्या: ग्राहकाचा पासवर्ड न घेता काम होतं. उरलेल्या लॉगिनसाठी क्रोम प्रोफाइल. वेगवेगळ्या शहरांतून जाहिरात कशी दिसते हे तपासायचं असेल किंवा पाळीत काम करणाऱ्यांना चालू सेशन एकमेकांकडे सोपवायचं असेल, तर अँटी-डिटेक्ट विचारात घ्या. प्रॉक्सीचा खर्च बहुधा वेगळा पडतो, आणि रेसिडेन्शियल प्रॉक्सी (घरगुती इंटरनेट जोडणीचा आयपी देणारे) अनेकदा जीबीवर मोजतात. व्हिडिओ अपलोड करणाऱ्यांचं बिल लवकर फुगतं.

चाचणी घेताना फुकटच्या योजनेत दोनच प्रोफाइल काढा, तीही ग्राहकाच्या खात्याशिवाय. ब्राउझरलीक्स या तपासणीच्या साइटवर आयपी, वेबआरटीसी आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) पाहा. भारतीय प्रोफाइलचा टाइमझोन ऑफसेट उणे ३३० मिनिटं यायला हवा (साडेपाच तास; पुढची वेळ ब्राउझर उणे दाखवतो). दुसऱ्या दिवशी तेच प्रोफाइल पुन्हा उघडून कॅनव्हासचा हॅश (चित्रावरून काढलेला छोटा सांकेतिक आकडा) तोच आहे का तपासा. शेवटी कुकी बाहेर काढता येतात का बघा, नाहीतर सेवा सोडताना सगळी लॉगिन नव्याने करावी लागतील.