अंगणातल्या लॉनला खत: वर्षातून दोनदा, तीनदा की महिन्याला?

500 चौरस फुटांच्या हरळीच्या लॉनला वर्षभरात साधारण 1 किलो 400 ग्रॅम युरिया पुरतो. हप्ते दोन करा, तीन करा की सहा, एकूण माप तेवढंच ठेवायचं. हप्ते किती, हे माती आणि पाणी ठरवतं.

दोनदा म्हणजे जूनअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला 700-700 ग्रॅम. कष्ट कमी, पण जिथे मूठ जड पडते तिथे गवत करपतं. नंतरचे पंधरा दिवस गवत इतकं वाढतं की आठवड्यातून दोनदा कापावं लागतं आणि सप्टेंबरात ते पुन्हा फिकं दिसतं. ज्यांना लॉनकडे बघायला वेळच नाही, त्यांनीच हा मार्ग घ्यावा.

उन्हाळ्यात अंगणाला भेगा पडत असतील तर माती काळी आहे. ती खत धरून ठेवते, म्हणून तिथे तीन हप्ते उत्तम: जूनअखेर, ऑगस्टचा मध्य आणि ऑक्टोबरची सुरुवात, दर वेळी 460 ग्रॅम. परभणी, नांदेड, लातूरकडच्या बहुतेक घरांना आम्ही हेच सुचवू. फक्त पाणी साचलेलं असताना खत टाकू नका. चिखलात हवा नसते, युरियातलं नत्र (नायट्रोजन) वायू होऊन निघून जातं.

नव्या प्लॉटवर मात्र मुरमाचा भराव आणि वर चार बोटं माती असते. तिथे एका जोरदार पावसात खत मुळांखाली वाहून जातं. अशा ठिकाणी महिन्याला 230 ग्रॅम द्या: जूनअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत पाच वेळा आणि फेब्रुवारीअखेर सहावा. उन्हाळ्यात पाण्याची खात्री नसेल तर सहावा हप्ता सोडून द्या. खतामुळे फुटलेल्या कोवळ्या गवताला जास्त पाणी लागतं, आणि एप्रिल-मेमध्ये तेच आधी वाळतं. डिसेंबर-जानेवारीत थंडीने हरळीची वाढ मंदावते, तेव्हाचं खत बरंचसं वाया जातं.

टाकताना पानं कोरडी हवीत. युरिया दुप्पट कोरड्या वाळूत मिसळा, अर्धा उभा आणि अर्धा आडवा फेकत चला, लगेच भरपूर पाणी द्या. मराठवाड्यातली बरीच जमीन चुनखडीची आहे. पाणी द्यायचं राहिलं तर युरियाचा अमोनिया होऊन हवेत उडतो. शेणखत पूर्ण कुजलेलं, चाळलेलं आणि वर्षातून एकदाच, जूनच्या सुरुवातीला द्या. कच्च्या शेणातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

खत देऊनही नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर हप्ते वाढवू नका. चुनखडीमुळे गवताला लोह मिळत नाही. 1 लिटर पाण्यात आधी 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल, मग 5 ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी फवारा. जवळच्या फरशीवर उडालं तर लगेच धुवा, गंजाचे डाग नंतर सहज निघत नाहीत.