लँडफिल गॅस मोजणारे हातातले विश्लेषक यंत्र : वापरानंतरचा अभिप्राय

बंद झालेल्या कचरा डेपोवर कुजणाऱ्या कचऱ्यातला वायू (लँडफिल गॅस) ओढून घेणाऱ्या नळ्या, म्हणजे गॅस विहिरी, तपासण्यासाठी आम्ही गेल्या पावसाळ्यापासून हातात धरून वापरायचे एक विश्लेषक यंत्र वापरत आहोत. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड ते अवरक्त किरणांच्या शोषणावरून मोजते; ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यासाठी त्यात विद्युतरासायनिक सेल आहेत. मुख्य वायूंच्या बाबतीत ते विश्वासार्ह आहे. स्थिरावलेल्या कचऱ्यातून येणाऱ्या वायूत साधारणपणे ४५ ते ६० टक्के मिथेन असतो आणि बाकीचा बहुतांश भाग कार्बन डायऑक्साइडचा असतो. हे प्रमाण यंत्र काही क्षणांत दाखवते आणि विहिरीची झडप जागेवरच जुळवता येते.

पडद्यावरचा ‘शिल्लक’ हा आकडा मात्र जपून वाचावा लागतो. तो मोजलेला नसून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांची बेरीज शंभरातून वजा करून काढलेला असतो, आणि त्यातला बहुतेक भाग नायट्रोजन असतो. समजा ऑक्सिजन १ टक्का आणि शिल्लक २० टक्के दिसली, तर हवेतल्या प्रमाणानुसार त्या ऑक्सिजनसोबत सुमारे ३.८ टक्केच नायट्रोजन यायला हवा. उरलेला नायट्रोजन बहुधा अशा हवेचा असतो, जी ओढपंपाच्या जोरामुळे कचऱ्यात शिरली आणि जिच्यातला ऑक्सिजन आतल्या जिवाणूंनी संपवला. केवळ ऑक्सिजनचा आकडा पाहून विहीर ठीक आहे असे समजणारा कर्मचारी हा इशारा चुकवतो, आणि अशीच आत शिरलेली हवा जमिनीखालच्या आगीला निमंत्रण देते. २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या डंपिंग ग्राउंडला लागलेल्या आगीचा धूर मुंबईने अनुभवला आहे. त्यामुळे हा हिशेब यंत्रानेच मांडून दाखवावा, अशी माझी आग्रहाची अपेक्षा आहे.

दुसरी उणीव कार्बन मोनॉक्साइडच्या सेलमध्ये आहे. हा वायू जमिनीखालच्या आगीची खूण मानला जातो. नव्याने टाकलेल्या कचऱ्यात मिथेन तयार होण्याआधीच्या आम्ल अवस्थेत कार्बन डायऑक्साइडबरोबर हायड्रोजनही निघतो, आणि साध्या सेलला तो कार्बन मोनॉक्साइडसारखाच भासतो. परिणामी आग नसताना आगीचा संशय येतो. हायड्रोजनचा परिणाम वजा करणारा सेल काही यंत्रांत मिळतो. आमच्या यंत्रात तो नाही.

हायड्रोजन सल्फाइडचे मापन उपयुक्त आहे, विशेषतः जिप्समचा भंगार किंवा बांधकामाचा राडारोडा मिसळलेल्या भागात. सुमारे १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) वर नाक बधिर होऊन वास येईनासा होतो, म्हणून तिथे वासावर विसंबणे धोक्याचे असते.

बेन्झिन, व्हिनाइल क्लोराइड आणि शाम्पू व सौंदर्यप्रसाधनांतून येणारी सिलोक्सेन (सिलिकॉनयुक्त संयुगे) यांची नोंद हे यंत्र करत नाही. प्रमाणाने ती अत्यल्प असली, तरी सिलोक्सेन जळल्यावर गॅस इंजिनाच्या भागांवर सिलिकाचा थर बसतो. म्हणून वीजनिर्मितीचा विचार असणाऱ्यांनी नमुने प्रयोगशाळेकडे पाठवावेत.

वातावरणाचा दाब यंत्रात नोंदला जातो, ही सोय मला मोलाची वाटते. २४ मार्च १९८६ रोजी इंग्लंडमधील लॉस्को येथे हवेचा दाब झपाट्याने घसरल्याने वायू जमिनीतून बाहेर पडला आणि सरकत आलेल्या या लँडफिल गॅसच्या स्फोटाने एक बंगला उद्ध्वस्त झाला. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे आसपासच्या घरांपाशी घेतलेल्या प्रत्येक नोंदीबरोबर दाबही लिहिला गेलाच पाहिजे.

पावसाळ्यात उबदार, बाष्पाने भरलेला वायू नळीत थंड होऊन पाणी साठते आणि आकडे डळमळतात. पाणी अडवणारा फिल्टर वारंवार बदलावा लागतो. खरेदीच्या निविदेतच हायड्रोजनची भरपाई करणारा सेल, सुटे फिल्टर आणि ६० टक्के मिथेन व ४० टक्के कार्बन डायऑक्साइड असलेला अंशांकनाचा (यंत्राचे आकडे पडताळून जुळवण्याचा) सिलिंडर यांची मागणी लिहून घ्यावी.